दादऱ्यात डिले का भांडतो?

"दादा, मी सोलापुरातच असतो. दिवसा कारखान्यात, रात्री ऑर्केस्ट्रात गिटार. हळदी, गणपती, नवरात्र, सगळं वाजवतो. मराठी-हिंदीबरोबर तेलुगू आणि कन्नड गाणीही असतात. गेल्या गणपतीत मित्राचं डिले पेडल मागून आणलं होतं. काही गाण्यांत असलं भारी वाजलं की गायकानं मागं वळून बघितलं. काही गाण्यांत त्याच सेटिंगवर सगळं विस्कटलं. ढोलकीवाला स्टेजवरच ओरडला, 'काय करूलालास बे?' आता स्वतःचं घ्यायचं आहे, टॅप टेम्पोवालं. बजेट पंधरा हजार, ओढूनताणून अठरा. ॲनालॉग घेऊ की डिजिटल? सेकंडहँड चालेल का? की सरळ मल्टिइफेक्ट घेऊ?"
— एक गिटारवाला, अशोक चौक

दादा म्हणालास, म्हणून अरेतुरेत लिहितो. नवख्या वाचकांसाठी एवढंच: डिले पेडल म्हणजे गिटारचा सूर थोड्या थोड्या वेळानं एको म्हणून परत ऐकवणारी, पायानं चालवायची डबी. टॅप टेम्पो म्हणजे पायानं ठोके मारून तिला गाण्याची लय सांगायची सोय. मल्टिइफेक्ट म्हणजे अशा बऱ्याच डब्या एकात.

तुझे तीन प्रश्न नंतर बघू. आधी एक काम कर. गणपतीत जी गाणी विस्कटली त्यांची यादी काढ आणि प्रत्येकापुढं ताल लिही. माझी पैज आहे, बहुतेकांपुढं दादरा येईल. जी भारी वाजली ती केहरव्यातली असतील. पेडल बिघडलेलं नव्हतं आणि तुझा हातही चुकला नव्हता. मित्रानं पेडल पाऊणकीवर लावून ठेवलं होतं, आणि तू ते तसंच दादऱ्यात नेलंस.

पाऊणकी हा माझा शब्द. पेडलवर तिथं शेपटीवाल्या सुरापुढं टिंब काढलेलं असतं, सगळे त्याला डॉटेड एट्थ म्हणतात. आपले आजोबा शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकायचे, त्यातलीच ही. पायानं दोन टॅप मारलेस, मधल्या अंतराला एक ठोका धरलं, की पहिला एको पाऊण ठोक्यावर येतो, दुसरा दीडवर, तिसरा सव्वादोनवर आणि चौथा बरोबर तीनवर. १०० च्या टेम्पोत, म्हणजे मिनिटाला १०० ठोके असताना, एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, साठ हजाराला टेम्पोनं भागायचं एवढंच गणित. त्याची पाऊणकी ४५०. केहरव्यात ठोक्याचे चार भाग आपसूक पडतात, त्यामुळं पाऊण, दीड, सव्वादोन या सगळ्या जागा ढोलकीच्या बोलांवरच बसतात. तू एका ठोक्यात दोनच सूर सरळ वाजवलेस तरी मधल्या रिकाम्या जागा एको भरत जातो, आणि खाली बसलेल्यांना वाटतं पोरगं दुप्पट वाजवतंय. गायक मागं वळला तो याच्यासाठी.

दादऱ्यात मात्रा सहा, तीन-तीनच्या दोन फोडी. धा धी ना, धा ती ना. गाणं पळतं असेल तर पाय प्रत्येक मात्रेवर पडत नाही, पहिलीवर आणि चौथीवर पडतो. म्हणजे तुझा एक ठोका तीन मात्रांचा झाला. त्याची पाऊणकी किती? सव्वादोन मात्रा. आता मांडीवर दादरा धर आणि सव्वादोनच्या जागेवर तोंडानं 'टक्' म्हणून बघ. तिथं ढोलकी नाही, ऑक्टोपॅड नाही, गायकाचा शब्द नाही. तुझा एको तिथं एकटाच येऊन उभा राहतो, आणि पुढचा त्याहून वाईट जागी. ढोलकीवाला ओरडला ते बरोबर ओरडला.

तिथं पेडल ट्रिपलेटवर न्यायचं. काही पेडलवर ठोक्याचा तिसरा भाग मिळतो, काहींवर दोन तृतीयांश. म्हणजे एक मात्रा किंवा दोन मात्रा, दोन्ही दादऱ्यात चपखल बसतात. ट्रिपलेट नसेलच तर पेडल साध्या पूर्ण ठोक्यावर ठेवायचं. मग एको तीन मात्रांनी, म्हणजे पुढच्या ठोक्यावरच येतो. फार चमकत नाही, पण कुणाशी भांडतही नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट ही बघ, की पूर्ण, पाऊण आणि ट्रिपलेट यांच्यात बदल कसा होतो. दोन गाण्यांच्या मधल्या चार सेकंदांत, निवेदक बोलत असताना, वाकून एक खटका फिरवला की झालं, असं पाहिजे. एकाच बटणाच्या तीन वेगवेगळ्या दाबांमागं हे लपवलेलं असेल तर मांडवातल्या लाल-निळ्या लाइटमध्ये तू ते कधीच करणार नाहीस.

दुसरी गोष्ट टॅपचं बटण. पुष्कळ लहान पेडलवर 'टॅप टेम्पो' लिहिलेलं असतं आणि बटण मात्र एकच. बॉस कंपनीच्या डीडी-७ आणि डीडी-८ या पेडलवर ते एकच बटण दोन सेकंद दाबून धरायचं, मग टॅप चालू होतो. बंद करायला परत दोन सेकंद. घरी गादीवर बसून हे छान जमतं. स्टेजवर मुखडा संपून तुझा पीस येतोय, एक पाय जमिनीवर, आणि तू पेडलवर दोन सेकंद उभा. त्या दोन सेकंदांत गाणं तीन ठोके पुढं जातं. टीसी कंपनीच्या फ्लॅशबॅकमध्ये युक्ती वेगळी आहे, बटण दाबून धरायचं आणि गिटारच्या तारांवरच लय मारून दाखवायची. कल्पना हुशार आहे, पण तेवढा वेळ हात गाण्यातून सुटतो. एकट्यानं वाजवणाऱ्याला ठीक, ऑर्केस्ट्रात नाही.

तर टॅपला स्वतंत्र बटण हवं. पेडलवरच दुसरं असेल तर उत्तम, नाहीतर मागच्या जॅकला बाहेरून लावता यायला हवं. बाहेरचं बटण घेताना एक नीट बघ. ते दाबलं की जोडतं आणि सोडलं की सुटतं, अशा जातीचं लागतं, मोमेंटरी म्हणतात त्याला. एकदा दाबलं की तसंच अडकून राहणारं, लॅच जातीचं, चालत नाही. बॉसमध्ये एफएस-५यू मोमेंटरी आणि एफएस-५एल लॅच. दिसायला भाऊ-भाऊ. नेमकं चुकीचं घरी आणलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत, त्यातला एक मीच. साधं बटण, एक सॉकेट आणि पत्र्याची डबी घेऊन रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडूनही हे करून घेता येतं, फक्त त्याला तुझ्या पेडलचं मॅन्युअल दाखव. काही पेडलना दाबल्यावर जोडणारं बटण लागतं, काहींना दाबल्यावर तोडणारं.

टॅपशेजारी लुकलुकणारा दिवा पाहिजे, आणि तो उभ्यानं दिसला पाहिजे. कान दोनदा फसतील, दिवा ढोलकीच्या 'धा'बरोबर पेटतोय की नाही हे डोळा लगेच सांगतो.

आता टॅप मारायचा कसा, कारण चुकीचा टॅप भारी पेडललाही वाचवत नाही. तुझा पाय २० मिलिसेकंदांनी चुकला असं धर. एवढं चुकणं अगदी माणसासारखं आहे. पहिला एको २० नं चुकतो, तो कुणाला कळत नाही. दुसरा ४० नं, तिसरा ६० नं. चूक प्रत्येक फेरीला साठत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या एकोला ती सगळ्यांना ऐकू येते. म्हणून फीडबॅक, म्हणजे एको किती वेळा परत येतो ते, कमी ठेव, दोन-तीन एको बास. दोनऐवजी चार टॅप मारले तर बरीचशी पेडलं सरासरी काढतात आणि चूक वाटली जाते. आणि टॅप मारताना स्वतःची गिटार ऐकू नकोस, ढोलकी ऐक. अशोक चौकातल्या पोराला लय काय शिकवायची म्हणा, पूर्व भागात पाळण्यातल्या बाळाचं डोकंसुद्धा यंत्रमागाच्या खटखटीवर हलतं.

याहून मोठी भानगड म्हणजे आपली लय वाढते. क्लिकवर, म्हणजे कानात मशीनची टिकटिक लावून, वाजवणारे सोड, पण हळदीत बायका नाचायला उठल्या की कुठला ढोलकीवाला हात आवरतो? ९६ ला सुरू झालेलं गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत १०४ ला गेलेलं असतं. ९६ ला ठोका ६२५ मिलिसेकंदांचा, १०४ ला ५७७. सुरुवातीचाच टॅप धरून बसलास तर पूर्ण ठोक्याचा प्रत्येक एको ४८ नं मागं, तिसरा तर जवळजवळ दीडशेनं. म्हणून प्रत्येक अंतऱ्याआधी परत टॅप. फक्त एको घुमत असताना नको. बरीच पेडलं वेळ बदलताना राहिलेल्या एकोचा सूर वर-खाली घसरवतात, काही नुसतं कचकतात. तू श्वास घेतोस त्या रिकाम्या जागेत टॅप मार.

एक अपवाद आहे. तुमचा कीबोर्डवाला काही गाण्यांना कीबोर्डमधला रिदम किंवा लूप लावत असेल तर तिथं टेम्पो हलत नाही आणि आकडा त्याच्या स्क्रीनवरच असतो. तिथं टॅपपेक्षा आकडा दाखवणारं, सेटिंग लक्षात ठेवणारं पेडल सुखाचं. बॉसच्या डीडी-२०० ला छोटा डिस्प्ले आहे आणि दोन बटणं आहेत, दुसरं मेमरी आणि टॅपचं. पंधरा हजारांत नवं बसणार नाही, पण जुनं कुणी विकत असेल तर जरूर थांबून बघ.

आता ॲनालॉग की डिजिटल. ॲनालॉग डिलेत आवाज आकड्यांत बदलत नाही, एका छोट्या साठवणीतून दुसरीत सरकवला जातो. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६९ साली निघालेली ही युक्ती, आणि तिचं नावच बादल्यांच्या रांगेवरून पडलं. आपल्याला समजावून सांगायला नको. टँकर आला की गल्लीत रांग लावून घागरी हातोहात पुढं जातात, तसंच. प्रत्येक हाती थोडं पाणी सांडतं, तशी आवाजाची धार कमी होत जाते आणि एको मऊ, धुरकट होतो. तो मऊपणा लोकांना आवडतो, मलाही आवडतो. पण रांग जितकी सावकाश चालवावी तितकी खरखर वाढते, म्हणून अशा पेडलना वेळ कमी मिळतो. एमएक्सआरचं कार्बन कॉपी घे. आवाज सायीसारखा, पण कमाल ६०० मिलिसेकंद आणि टॅप नाही. तुझ्या कामात ते शोभेचं होईल. त्याच घरातल्या डिलक्सला टॅप आहे, पण ते तुझ्या बजेटच्या बाहेर. तू डिजिटलच घे. बऱ्याच डिजिटल पेडलमध्ये ॲनालॉगसारखा मऊ आवाज एका खटक्यावर मिळतो आणि मांडवात तो फरक ओळखणारा माणूस तूच असशील.

बॉसनं १९८० च्या दशकात डीडी-२ काढलं तेव्हापासून लहान डबीतलं डिजिटल डिले आहे. त्याच वंशातलं डीडी-३टी हे साधं, कणखर आणि टॅपवालं. पण त्याची मर्यादा ८०० मिलिसेकंद. म्हणजे पूर्ण ठोक्याचा एको ७५ च्या टेम्पोपर्यंतच मावतो. त्याहून संथ भावगीत आलं की अडलं. डीडी-८ ला दहा सेकंद आहेत, डीडी-७ ला ६.४, दोन्हीत हा प्रश्नच येत नाही. तुझ्या पैशात मी जुनं डीडी-७ किंवा डीडी-८ शोधेन आणि उरलेल्यात बाहेरचं बटण. दुसरा रस्ता म्हणजे लाइन ६ चं डीएल४, १९९९ पासूनचं हिरवं धूड. चार बटणं, त्यातलं चौथं फक्त टॅपचं, आणि तीन सेटिंगं पायाखाली. एक केहरव्याचं, एक दादऱ्याचं, एक साधं. तुझ्या दुखण्यावर हेच खरं औषध. पण पहिल्या पिढीच्या डीएल४ ला एसी अडॉप्टर लागतो, बाकी पेडलचा डीसी नाही. तो अडॉप्टर बरोबर मिळत नसेल तर घेऊ नकोस. आणि ते मोटारसायकलवर गिटारसोबत कसं नेणार, तेही बघ.

मल्टिइफेक्टचं उत्तर एका गोष्टीवर आहे, जी तू लिहिली नाहीस. तू ॲम्पमधून वाजवतोस की थेट मिक्सरला वायर देतोस? थेट देत असशील तर मल्टीच घे, माझं वरचं सगळं बाजूला ठेव. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा फाटका आवाज, थेट मिक्सरमध्ये गेलं की माशी घोंघावल्यासारखं येतं. मल्टीमध्ये स्पीकरच्या डब्याची नक्कल असते, ती हे झाकते. फक्त टॅपला स्वतंत्र बटण असलेलं किंवा बाहेरून जोडता येणारं बघून घे, आणि केहरवा व दादरा यांची दोन वेगळी पॅच, म्हणजे साठवलेली सेटिंगं, करून ठेव.

सेकंडहँड बिनधास्त घे, पण चाचणी घेऊन. बटण वीस वेळा दाब, एकदाही चुकायला नको. मोबाइलवर मेट्रोनोम लावून टॅप मार आणि मिनिटभर दिवा बघ. प्रत्येक खटका फिरवून खरखर ऐक. मग एको चालू असताना पेडल बंद कर. काही पेडलमध्ये राहिलेला एको हळूहळू विरतो, काहींत कात्रीनं कापल्यासारखा तुटतो. पीस संपून गायक सुरू होतो ना, तिथं तुटलेला एको फार वाईट दिसतो. विरणारा घे.

साउंडवाल्याशी आधी बोल. आपल्याकडं कुणीही माइक हातात घेतला की 'भाऊ, जरा एको वाढव' म्हणतो, आणि तो मिक्सरवरचा एको सगळ्यांवरच लावून मोकळा होतो. तुझ्या टॅप केलेल्या एकोवर त्याचा बिनलयीचा एको बसला की खिचडी. गिटारचं चॅनल कोरडं ठेव म्हणावं. उघड्या मैदानावर निसर्गही स्वतःचं डिले लावतो. समोर ५० मीटरवर कार्यालयाची भिंत असेल तर आवाज जाऊन परत यायला २९० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, आणि त्या भिंतीला टॅपचं बटण नसतं. अशा ठिकाणी एकोची पातळी निम्मी कर. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद सभागृहात तर आणखी खाली, तिथं खोलीच पुरेशी घुमते. होम मैदानासारख्या मोकळ्या जागी, जिथं जवळ भिंत नाही, तिथं खुशाल वाढव.

आणि अडॉप्टर. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या मधोमध ऋण असतं. एकदा कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी माझा अडॉप्टर घरी राहिला. यजमानाच्या पोरानं टीव्हीखालून सेटटॉप बॉक्सचा काढून दिला. पिन अगदी तीच, घट्ट बसली. तो १२ व्होल्टचा आणि मधोमध धन. दिवा एकदा लागला, कांदा जळल्यासारखा वास आला आणि मी पूर्ण रात्र कोरडी वाजवली. तुझ्या अडॉप्टरवर पांढऱ्या रंगानं खूण कर आणि बॅगेतल्या बॅगेत ठेव. मिलिअँपिअरही बघ, डिजिटल डिले ओव्हरड्राइव्हसारख्या साध्या पेडलपेक्षा पुष्कळ जास्त वीज खातं. एकाच अडॉप्टरच्या शेपटीवर चार पेडल लोंबकळवलीस की जनरेटरवर शिट्टी ऐकू येते. डिलेला वेगळा दे.

पुण्याला जाऊन घेणार असशील तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकड आणि गिटार स्वतःची ने. दुकानदार तुला पाऊणकी लावून केहरव्यातलंच काहीतरी झकास ऐकवेल, सगळेच ऐकवतात. त्याआधी ढोलकीवाल्याकडून पाच मिनिटं दादरा मोबाइलवर रेकॉर्ड करून घे. ओरडला होता त्याच गाण्याचा, त्याच वेगाचा. इअरफोन एका कानात घाल, पेडल ट्रिपलेटवर ने आणि त्याच्या 'धा'वर टॅप मारून बघ.